तीन बोटांचा हात, पाच बोटांचा हात

आजच्या चिनी लिपीत ‘हात’ या अर्थाचे अक्षर चार फटकाऱ्यांत लिहितात. वर डावीकडे उतरणारी एक छोटी तिरपी रेघ, तिच्याखाली दोन आडव्या रेघा, आणि मधून खाली येऊन शेवटी आकड्यासारखी डावीकडे वळणारी एक उभी रेघ. उच्चार ‘शौ’. चिनी मुले हे अक्षर पहिलीतच शिकतात आणि ते पाच बोटांचे चित्र असल्याचे त्यांना सांगितले जाते. हे खरे असले तरी अर्धेच आहे. चिनी लिपीत हाताची दोन चिन्हे झाली. पहिले तीन बोटांचे. सगळी कामे त्याने केली आणि शेवटी ते ओळखू येईनासे झाले. दुसरे पाच बोटांचे. ते उशिरा आले, दरबारी शिष्टाचारातून आले, आणि ‘हात’ हे नाव मात्र त्याच्याकडे गेले.

जुन्या चिन्हाचा पुरावा हेनान प्रांतातला आहे. इ.स.पू. तेराव्या शतकात शांग घराण्याची शेवटची राजधानी आजच्या आन्यांग शहराजवळ होती. राजा वू डिंगच्या काळापासून तिथे बैलाच्या खांद्याच्या हाडावर किंवा कासवाच्या पोटाकडच्या कवचावर कौल लावल्याचे लेखी पुरावे मिळतात. हाडाच्या मागे खळगे कोरून ते तापवत. पुढच्या बाजूला तडे जात, तड्यांवरून पूर्वजांचा कौल वाचत आणि विचारलेला प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवत. पाऊस पडेल का, स्वारी यशस्वी होईल का, राणीचे बाळंतपण सुखरूप होईल का, राजाचा दात कोणत्या पूर्वजाच्या कोपाने दुखतो आहे, असे हे प्रश्न असत.

तीन हजार वर्षांनंतर हीच हाडे ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून औषधांच्या दुकानांत कुटून विकली जात होती. १८९९ मध्ये बीजिंगच्या राजविद्यालयाचे प्रमुख वांग यीरोंग यांनी त्यांवरच्या खुणा म्हणजे प्राचीन लेखन असल्याचे ओळखले. आजारपणात आणलेल्या औषधातच त्यांना त्या दिसल्या ही गोष्ट आवडीने सांगितली जाते, पण तिच्यावर विसंबण्याचे कारण नाही. पुढच्याच वर्षी बॉक्सर बंडाच्या वेळी परदेशी फौजा शहरात शिरल्या आणि वांग यांनी आत्महत्या केली. व्यापारी हाडांचे ठिकाण दडवून ठेवत. ते श्याओतुन गाव असल्याचे लुओ झेन्यू यांनी १९०८ च्या सुमारास शोधून काढले आणि १९२८ पासून तिथे पद्धतशीर उत्खनन झाले. आतापर्यंत असे सुमारे दीड लाख तुकडे हाती आले आहेत. त्यांवर साडेचार हजारांच्या आसपास वेगवेगळी चिन्हे आहेत, आणि त्यांतली निम्मीसुद्धा खात्रीने वाचता आलेली नाहीत.

या चिन्हांत हात जागोजागी दिसतो. मनगटाकडून आलेली एक वाकडी रेघ आणि तिला फुटलेली तीन बोटे, एवढेच त्याचे रूप. हाडावर टोकदार हत्याराने कोरायचे तर रेघ वाचवावीच लागते. पावलाच्या चिन्हालाही तीनच बोटे आहेत. हाताच्या या चिन्हाचा उच्चार आज ‘यौ’ असा होतो. बोटे एका बाजूला वळली की उजवा हात, दुसऱ्या बाजूला वळली की डावा. उजव्या हाताच्या या एकाच चिन्हावर शांग लेखनिकांनी कितीतरी अर्थ लादले होते: उजवीकडे, पुन्हा, असणे, दैवी साहाय्य. या शब्दांचे उच्चार एकमेकांच्या जवळचे होते, म्हणून एकाचे चित्र दुसऱ्यासाठी चालवून घेतले. राजाला साहाय्य लाभेल का, हा प्रश्न कौलांत वारंवार येतो. त्यात ‘लाभणे’ हे अक्षर दोन हातांनी बनलेले आहे, आणि त्यापुढे ‘असणे’ व ‘साहाय्य’ यांसाठी तोच तीन बोटांचा हात लागोपाठ दोनदा कोरलेला आढळतो. कोणता हात कोणत्या अर्थाचा, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचे.

एवढा भार एका चिन्हाला पेलणार नव्हता. पुढच्या शतकांत अर्थ वेगळे काढण्यासाठी त्याला जोड लागत गेली. डाव्या हाताखाली एक हत्यार आले, उजव्या हाताखाली तोंड आले. या जोडाक्षरांचा अर्थ आधी ‘मदत करणे’ असा होता, कारण राजाचे सहायक त्याच्या डाव्या-उजव्या हातांसारखे असत. मग लोक तीच अक्षरे डावी आणि उजवी या बाजूंसाठी वापरू लागले, आणि ‘मदत’ दाखवायला त्यांच्या शेजारी माणसाचे चिन्ह नव्याने जोडावे लागले. ‘असणे’ या अर्थासाठी हाताला मांसाचा तुकडा दिला गेला. ज्याच्या हाती मांस, त्याच्याकडे काहीतरी आहे! मूळ चिन्हाकडे शेवटी ‘पुन्हा’ हा एकच अर्थ उरला, आणि त्याचा हाताशी काही संबंध नाही.

हाताने काय धरले आहे, यावरून बनलेली अक्षरे ही या लिपीची खरी श्रीमंती. धान्याची एक काडी धरलेला हात म्हणजे ‘धारण करणे’, दोन काड्या धरल्या की ‘दोन्ही मिळून’. झाडावर वरून आलेला हात ‘खुडणे’ दाखवतो. पळणाऱ्या माणसाला मागून धरणारा हात म्हणजे ‘गाठणे’. कानाशेजारी हात म्हणजे ‘घेणे’. हे अक्षर सौम्य दिसते, पण मारलेल्या शत्रूचा कान कापून आणण्याच्या रणांगणावरच्या चालीतून ते आले आहे. एकाच दिशेला वळलेले दोन उजवे हात म्हणजे ‘मित्र’. दोन हातांत कुऱ्हाड म्हणजे शस्त्र, आणि पुढे सैनिक. दोन हातांत जेडचा मणी म्हणजे ‘खेळणे, हाताळणे’. हातात पक्षी म्हणजे ‘पकडणे’, आणि तेच अक्षर पुढे पक्ष्यांचा ‘एक नग’ मोजायला वापरले गेले. ‘बाप’ या अक्षरात एका हातात उभी वस्तू आहे. ती दगडी कुऱ्हाड असावी असे काही अभ्यासक म्हणतात, तर परंपरेने ती शिस्त लावणारी काठी मानली. कुऱ्हाडीचा अर्थ जास्त पटतो, कारण कुऱ्हाड हे त्या काळी पुरुषाच्या अधिकाराचेच चिन्ह होते.

यांपैकी एक अक्षर लिपीच्या स्वतःच्या इतिहासासाठी महत्त्वाचे आहे. त्यात हाताने कुंचला उभा धरला आहे. शांग काळात कोरण्यापलीकडेही लेखन होते, याचा हा चित्ररूप पुरावा. शाईने किंवा लाल रंगाने लिहून न कोरलेले काही हाडांचे तुकडे त्याला दुजोरा देतात. बांबूच्या पट्ट्यांवरचे त्या काळचे लेखन कुजून गेले असावे. काहीतरी उपकरण धरलेल्या हाताचे दुसरे एक चिन्ह लेखनिकासाठी होते. त्यातूनच ‘अधिकारी’, ‘कामकाज’ आणि ‘इतिहास’ या अर्थांची अक्षरे फुटली. लिहिणारा, राज्य चालवणारा आणि घडलेले नोंदवणारा हे तिघे सुरुवातीला एकच होते.

इ.स.पू. १०४६ च्या सुमारास झौ घराण्याने शांगांचा पाडाव केला. झौ राजे आपल्या सरदारांना नेमणुका, जमिनी, रथ आणि वस्त्रे देत. हा समारंभ पूर्वजांच्या मंदिरात होई, आणि मान मिळालेला सरदार पुढे एक कांस्यपात्र ओतवून त्यावर सगळा प्रसंग नोंदवी. या लेखांत एक वाक्यप्रयोग ठरलेला आहे. सरदार गुडघे टेकतो, जोडलेल्या हातांपर्यंत मस्तक नेतो आणि मग ते जमिनीला टेकवतो. याच प्रयोगात पाच बोटांचा हात खात्रीने दिसू लागतो: एक उभी रेघ, तिचे टोक किंचित वाकलेले, आणि दोन्ही बाजूंना वर उघडणाऱ्या बोटांच्या कमानी. ‘शौ’ हे अक्षर ते हेच.

नवे चिन्ह का लागले, हे आता समजण्यासारखे आहे. तीन बोटांच्या हाताचे ‘उजवे’, ‘आहे’, ‘पुन्हा’ असे इतके अर्थ झाले होते की हात या अवयवाला स्वतःचे नावच उरले नव्हते. शिवाय या वंदनात हात काही करत नाही, धरत नाही. तो नुसता शरीराचा भाग म्हणून समोर येतो. सगळी बोटे दिसणारे, कोणतीही वस्तू न धरलेले चित्र त्याला शोभून दिसले.

यानंतरचा मोठा बदल राज्यकारभाराने घडवला. इ.स.पू. २२१ मध्ये चिन राज्याच्या सम्राटाने बाकीची सगळी राज्ये जिंकली आणि प्रधान ली सी याच्या देखरेखीखाली लेखनाचे एक अधिकृत वळण ठरवून दिले. मुद्रालिपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वळणात हाताच्या बोटांची गोलाई अजून शाबूत होती. पण कचेऱ्यांतल्या कारकुनांना इतकी सवड नव्हती. १९७५ मध्ये हुबेइ प्रांतात श्वेइहुदी इथे शी नावाच्या एका अधिकाऱ्याची कबर सापडली. तो इ.स.पू. २१७ च्या सुमारास मरण पावला होता, आणि त्याच्या शवाभोवती कायद्यांच्या व कामकाजाच्या अकराशेहून अधिक बांबूपट्ट्या ठेवलेल्या होत्या. त्यांवरचे लेखन घाईचे, सपाट आणि सरळ रेघांचे आहे. या कारकुनी लिपीने पुढच्या हान घराण्याच्या काळात सगळीकडे जम बसवला आणि हाताच्या दोन्ही चिन्हांचे नशीब ठरवले.

पाच बोटांच्या हाताच्या कमानी सपाट होऊन दोन आडव्या रेघा झाल्या. वाकलेले टोक म्हणजे वरची तिरपी रेघ. हे अक्षर दुसऱ्याच्या डाव्या बाजूला घटक म्हणून यायचे तेव्हा जागा वाचवण्यासाठी त्याचे तीनच फटकारे ठेवले गेले. अक्षराच्या तळाशी मात्र ते पूर्ण रूपात राहिले, म्हणून ‘मूठ’ आणि ‘तळहात’ या अक्षरांखाली आजही अख्खा हात दिसतो. ‘पाहणे’ या अक्षरात तो डोळ्याच्या वर, किंचित तिरपा झालेला आहे: उन्हात कपाळावर हात धरून लांबवर पाहणारा माणूस.

तीन बोटांच्या हाताची मात्र पांगापांग झाली. शेजारी कोणता घटक आहे यावरून त्याचे निरनिराळे आकार बनले. ‘घेणे’ या अक्षरात तो दोन छेदणाऱ्या रेघा आहे, ‘मित्र’मध्ये वरचा हात एक आडवी आणि एक तिरपी रेघ झाला, ‘धारण करणे’मध्ये तो धान्याला मधोमध छेदणाऱ्या कंगव्यासारखा दिसतो, आणि ‘सैनिक’मध्ये कुऱ्हाड पेलणाऱ्या दोन हातांची जागा एक आडवी रेघ आणि दोन ठिपक्यांनी घेतली. मनगटापाशी खूण केलेला हात ‘इंच’ या मापाचे अक्षर झाला. नाडी पाहण्याची जागा मनगटापासून तितक्या अंतरावर असते. हे सगळे मुळात एकच चिन्ह होते, हे आज सुशिक्षित चिनी वाचकालाही सांगितल्याशिवाय कळत नाही.

हा तुटत चाललेला धागा जपण्याचा पहिला मोठा प्रयत्न शू शेन या विद्वानाने केला. ‘शुओवेन जिएझी’ हा त्याचा कोश इ.स. १०० मध्ये पुरा झाला आणि १२१ मध्ये त्याच्या मुलाने तो सम्राटाला सादर केला. ९,३५३ अक्षरे ५४० गटांत लावणारा हा कोश मुद्रालिपीतील आकारांवर आधारलेला आहे. शांगांची हाडे तेव्हा जमिनीखाली होती, त्यामुळे शू शेनला हाताची जुनी रूपे ठाऊक नव्हती, आणि ‘असणे’मधले मांस त्याला चंद्र वाटले. तरीही यौ म्हणजे हात, आणि तीन बोटे ही अनेक बोटांची संक्षिप्त खूण, हे त्याने बरोबर ओळखले. शौ या अक्षराचा अर्थ त्याने ‘मूठ’ असा दिला. त्यावर सतराशे वर्षांनी, १८१५ मध्ये छापलेल्या आपल्या टीकेत दुआन यूत्साय याने खुलासा केला की पसरला तो हात आणि वळला ती मूठ, वस्तू एकच.

गट पाडण्याची शू शेनची कल्पना पुढे चिनी कोशांचा कणा झाली. मेइ यिंगझुओ याने १६१५ मध्ये गटांची संख्या २१४ वर आणली आणि सम्राट कांगशीच्या आज्ञेने तयार झालेल्या १७१६ च्या कोशाने ती कायम केली. या कोशात हाताचा गट चौसष्टावा आहे आणि त्याखाली बाराशेच्या आसपास अक्षरे आहेत. त्यांतली बहुतेक एकाच रीतीने बनली: डावीकडे हात, जो क्रियेचे क्षेत्र सांगतो, आणि उजवीकडे दुसरे अक्षर, जे फक्त उच्चार सुचवते. ढकलणे, ओढणे, मिठी मारणे, थोपटणे, आधार देणे, बोट दाखवणे, सगळी या साच्यातली. चित्र काढण्याची गरज संपली होती. हात आता वर्गीकरणाचा मथळा झाला होता, आणि नवे क्रियापद आले की त्याखाली सहज मावत असे.

या साच्यातले सर्वांत गाजलेले अक्षर ‘दा’, म्हणजे मारणे. शू शेनच्या मूळ कोशात ते नाही, दहाव्या शतकातल्या संपादकांनी ते पुरवणीत घातले. अकराव्या शतकात ओउयांग श्यू या इतिहासकाराने त्याच्याबद्दल तक्रारच नोंदवून ठेवली आहे. नाव बांधणे, मासे धरणे, पाणी शेंदणे, जेवण आणणे, छत्री धरणे, जमीन मोजणे, सगळ्यालाच लोक ‘दा’ म्हणतात, आणि यात अडाणी-शहाणे असा भेद उरलेला नाही, असे त्याचे म्हणणे. त्याच्या तक्रारीचा काही उपयोग झाला नाही. आज फोन करणे, टंकलेखन करणे आणि टॅक्सी बोलावणे यांनाही हेच अक्षर लागते. त्याच्याच गटातले ‘बा’, म्हणजे मुठीत धरणे, त्याहून पुढे गेले. तांग काळापासून ते कर्म क्रियापदाआधी आणणारा व्याकरणाचा प्रत्ययवजा शब्द बनत गेले, आणि मूठ असलेल्या वस्तू, म्हणजे सुरी, छत्री, खुर्ची, मोजायलाही तेच वापरतात. वाक्यरचनेचा सांधा झाला, तरी त्याच्या डावीकडचा हात कोणी काढला नाही.

खुद्द शौ अक्षराचा अर्थही अवयवापुरता राहिला नाही. तांग राजवटीत कुटुंबप्रमुखाने आपली माणसे आणि जमीन स्वतः लिहून देण्याच्या जाहीरनाम्याच्या नावात हे अक्षर होते, आणि असे कागद तुर्फानच्या वाळवंटी कबरींत सापडले आहेत. नाविक, धनुर्धारी, ढोलकरी, पुढे गायक आणि खेळाडू, या सगळ्यांच्या नावाअखेरीस ‘शौ’ येते: ज्याचा हात त्या कामावर बसला आहे तो. बुद्धिबळासारख्या खेळांत किंवा वैद्यकीत देशात अव्वल असलेल्याला ‘राष्ट्राचा हात’ म्हणत. खुनी आणि प्रतिस्पर्धी यांनाही हाच प्रत्यय लागतो. भावाभावांना ‘हात-पाय’ म्हणतात, कारण ते एकाच शरीराचे.

भारताशी या अक्षराचा संबंध बौद्ध भाषांतरांतून आला. मुद्रा या संस्कृत शब्दासाठी ‘हाताचा ठसा’ अशा अर्थाचा जोडशब्द बनला, आणि सहस्रभुज अवलोकितेश्वर चिनी भाषेत सहस्रहस्त ग्वानयिन झाला. चोंगचिंगजवळच्या दाझू इथे दक्षिण सोंग काळात कोरलेल्या अशा मूर्तीचे हात भाविक पिढ्यानपिढ्या हजार धरून चालत. २०१५ मध्ये संपलेल्या जीर्णोद्धारात ते प्रत्यक्ष मोजले तेव्हा ८३० भरले.

जपानने हे अक्षर घेतले तेव्हा आपला ‘ते’ हा देशी शब्द त्याला चिकटवला आणि पुढे त्याची जोडणी स्वतःच्या मनाने केली. ‘हात’ आणि ‘कागद’ ही दोन अक्षरे जोडली की जपानीत पत्र होते. चिनी माणूस तीच वाचून शौचालयातला कागद समजतो. ओकिनावा बेटांवरच्या युद्धकलेचे नावही ‘ते’ होते. चीनमधून आलेल्या पद्धतींच्या आठवणीने ते ‘तांगचा हात’ असे लिहीत आणि ‘कराटे’ असे वाचत. १९३० च्या दशकात जपानी राष्ट्रवादाला हा चिनी उल्लेख सलू लागला. गिचिन फुनाकोशी यांनी त्याच उच्चाराचे ‘रिकामा’ हे अक्षर पुढे केले, आणि १९३६ मध्ये नाहा शहरात जमलेल्या उस्तादांच्या बैठकीने ‘रिकामा हात’ हेच लेखन मान्य केले. उच्चार बदलला नाही, इतिहास तेवढा बदलला.

चीनमध्ये शेवटची मोठी उलथापालथ १९५६ च्या लिपी-सुलभीकरणाने केली. निरक्षरता लवकर हटवायची तर फटकारे कमी करायला हवेत, हा विचार त्यामागे होता. शौ अक्षर मुळातच चार फटकाऱ्यांचे, त्याला कोणी हात लावला नाही. उलट त्याचे क्षेत्र वाढले. ‘रक्षण’ या अक्षरातले ‘वाणी’चे चिन्ह जाऊन तिथे हात आला. ‘पकडणे’ या अक्षराचे शांग काळातले चित्र फार बोलके होते: गुडघे टेकलेला कैदी आणि त्याच्या मनगटांत अडकवलेली बेडी. सुलभीकरणात ती बेडी गेली आणि तिच्या जागी हात बसवला. अर्थ लागतो, पण कैदी दिसेनासा झाला.

तीन बोटांच्या हाताला याहून विचित्र भूमिका मिळाली. दोनच फटकाऱ्यांत लिहून होत असल्यामुळे अवघड घटक काढून तिथे भर म्हणून त्याला घालण्यात आले. कोंबडी, आनंद, अवघड, नाटक, झाड, आणि चिनी बहुसंख्याकांचे ‘हान’ हे नाव, या सगळ्या अक्षरांत तो आज आहे, आणि एकाही ठिकाणी त्याचा हाताशी संबंध नाही. ‘जोडी’ या अक्षरात एका हातात दोन पक्षी होते. आता दोन्ही पक्षी उडाले आहेत आणि दोन हात शेजारी शेजारी उभे आहेत. हाँगकाँग आणि तैवानमध्ये जुनी रूपे चालू असल्याने तिथल्या वाचकांना हे पक्षी अजून भेटतात.

संगणकाच्या कळफलकावरही या दोन हातांच्या वाटा वेगळ्याच राहिल्या. चू बोंग-फू यांनी १९७६ मध्ये अक्षरांचे तुकडे करून ती टंकण्याची पद्धत तयार केली. लिपीचा पौराणिक जनक त्सांगजिए याचे नाव तिला मिळाले. तिच्यात शौ अक्षराला ‘क्यू’ ही स्वतंत्र कळ आहे. यौचा आकार मात्र ‘ई’ या कळीवर ‘पाणी’ या चिन्हाखाली टाकलेला आहे. आज चीनमधले बहुतेक लोक रोमन अक्षरांत उच्चार लिहून यादीतून हवे ते अक्षर निवडतात. मोबाइल फोनला तिथे ‘हाताचे यंत्र’ म्हणतात. त्यावर ‘शौ’ टंकले की हाताबरोबर डोके, राखणे, गोळा करणे आणि लाभणे हीही अक्षरे समोर येतात. त्यांतले ‘लाभणे’ हे शांग राजांच्या कौलातले, वरून देणाऱ्या आणि खालून घेणाऱ्या हाताचे.